कॅप्टन फेल्टिन यांची रिकामी कबर

मी, अश्वजित विठ्ठल गायसमुद्रे, वय त्रेसष्ट, मूळचा औसा तालुक्यातला, सध्या जर्मनीत बोडनझे सरोवराकाठी झेहाल्डन येथे राहणारा, निवृत्त सोनार-अभियंता (दागिने घडवणारा नव्हे, आवाजाच्या लहरींनी पाण्याचा तळ पाहणारा), हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाविना लिहून ठेवत आहे. मी भानावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला स्वतःला गेल्या महिन्यापासून तेवढी खात्री नाही. जर्मन मजकूर नोटारकडे (इथल्या नोटरीकडे) आहे आणि कायद्याने तोच चालेल. कारणे मात्र मला मराठीतच सांगता येतात.

१. घर व बँकेतली शिल्लक पत्नी प्रिया हिची. यावर कुणी काही बोलू नये.

२. जुन्या आगबोटींच्या कप्तानांविषयी मी जमवलेली पुस्तके, नकाशे व चित्रे मुलगी स्पृहा हिला. दीडशे वर्षांपूर्वीची ही माणसे उन्हाळ्यात पितळी बटणांचा कोट घालून पाहुण्यांना सलाम करीत आणि हिवाळ्यात दाट धुक्यात घंटा वाजवत अंदाजाने बोट हाकीत. कित्येकांना पोहताही येत नसे. स्पृहाला यात रस नाही, हे मी जाणतो. विकायचीच तर सगळी एकत्र विकावीत.

३. पाण्याखालचा जो कॅमेरा मी स्वतः बांधला, तो मैथिली देवस्थळी हिला. ती इथल्या विद्यापीठात सरोवरांवर पीएचडी करते. गेल्या शरद ऋतूत तो कॅमेरा आम्ही दोघांनी मिळून खाली सोडला, तेव्हा ‘कुनिगुंडे’ सापडली.

ही आगबोट १८६९ साली धुक्यात दगड वाहणाऱ्या शिडाच्या होडीवर आदळून बुडाली. उतारूंपैकी बरेच जण त्या होडीने वाचवले. कॅप्टन गेबहार्ड फेल्टिन यांचे प्रेत मिळाले नाही, बोटीवरची लहान नावही मिळाली नाही. लोकांनी दोन्हींची सांगड घातली: कप्तान ती नाव घेऊन पलीकडच्या काठाला स्वित्झर्लंडला पळाला. त्यांची पणती आगाथे फेल्टिन आमच्या वरच्या मजल्यावर राहत. शाळेत त्यांना ‘होडीचोर’ म्हणत. कबरस्तानात कुटुंबाच्या दगडावर कप्तानाचे नाव कुणी कोरू दिले नव्हते.

कॅमेऱ्यात आधी कोसळलेले धुराडे दिसले. त्याखाली लहान नाव, साखळीने जागच्या जागी बांधलेली. मैथिली म्हणाली, “काका, ही तर सोडलेलीच नाही!” मग सुकाणूच्या चाकापाशी चामड्याच्या बुटांचा जोड.

फ्राउ फेल्टिन यांना, म्हणजे आगाथेबाईंना, चित्रण दाखवले. त्यांनी पडद्यावरच्या बुटांवर हात ठेवला. मग म्हणाल्या, “हेर गायसमुद्रे, म्हणजे ते तिथेच होते. माझी आई हे न कळताच गेली.”

४. धक्क्यावरच्या पाटीवर आजही ‘पळपुटा कप्तान’ असे लिहिलेले आहे. पाटी सांभाळणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, “पर्यटकांना तीच गोष्ट आवडते.” त्यांना माझ्याकडून त्या बांधलेल्या नावेचा मोठा फोटो, चौकटीसह. भिंतीवर लावावा, न लावल्यास माझ्या घरच्यांनी तो परत मागू नये, त्यांच्याच घरी राहू द्यावा.

५. फ्राउ फेल्टिन जानेवारीत गेल्या. गेल्या महिन्यात न्यायालयाचे पत्र आले: कुटुंबाच्या कबरीच्या जागेचा हक्क त्यांनी मृत्युपत्राने माझ्या नावे केला होता. मी उभ्या उभ्याच वाचत होतो. प्रिया म्हणाली, “अहो, आधी बसा. चेहरा बघा कसा झालाय.”

माझ्या आजोबांचे प्रेत गावच्या स्मशानाच्या फाटकाशी अडवले होते. वडिलांनी गायरानात सरण रचले. आणि इथे एका परक्या बाईने स्वतःशेजारी मला जागा दिली होती, न मागता. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. चूक झाली असेल म्हणून कार्यालयात फोनही केला. चूक नव्हती.

म्हणून माझी रक्षा तिथेच ठेवावी. बुद्धवंदना मराठीत व्हावी. दगडावर सर्वांत वर कॅप्टन गेबहार्ड फेल्टिन यांचे नाव कोरावे, त्याखाली ‘आपल्या बोटीवर राहिले’ एवढेच. मग आगाथे. मग मी.

हे कलम मी रविवारी जेवताना वाचून दाखवले. स्पृहाला मराठी समजते, ती बोलत नाही. तिने काटा खाली ठेवला. मला वाटले, आता म्हणणार, पापा, हा काय वेडेपणा. ती म्हणाली, “उंड इष?”

म्हणजे, आणि मी?

प्रियाने माझ्याकडे पाहिले. जागेची (ती इथे ठरावीक वर्षांसाठीच मिळते) मुदत आपण वाढवत राहू, असे स्पृहा पुढे जर्मनमध्येच म्हणाली आणि तिने पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला.

सबब वरील कलमात दुरुस्ती: माझ्या नावाखाली दगड कोरा सोडावा, दोन ओळी मावतील एवढा.

झेहाल्डन, १४ मार्च २०२५
(सही) अश्वजित विठ्ठल गायसमुद्रे

वरील सही आमच्या देखत झाली. सही करताना लिहिणारे मध्येच दोनदा थांबले, पण मजकुरात त्यांनी बदल काही केला नाही.
साक्षीदार: (सही) मैथिली देवस्थळी
(सही) मयुरेश ओहोळ, मित्र