घरच्या शाळेची मोजणी

मु. तलवाडा, तालुका गेवराई
चैत्र वद्य पंचमी, शके १८४८ (सरकारी हिशेबानं फसली १३३५)

तीर्थरूप सुंदररावमामांच्या पायांशी भाचा राधाकिशन याचा साष्टांग नमस्कार. तीर्थरूप सरस्वतीमामींनाही तसाच. त्यांचे गुडघे आता कसे आहेत? मागं पाठवलेलं निर्गुडीचं तेल लावलं की अजून फडताळातच आहे? (तेल लावण्यासाठी असतं, जपून ठेवण्यासाठी नसतं, हे मामींना तोंडावर सांगायची छाती आपल्या घराण्यात कुणाची नाही, म्हणून कागदावर सांगतो.) तुम्हीही या उन्हात कोर्टाच्या खेपा घालताना टोपीखाली कांदा ठेवत जा, वकिलाचं डोकं तापलं तर पक्षकाराचं नुकसान. इकडं माणसं खुशाल, गुरं खुशाल, विहिरीला पाणी आहे. खुशाल नाही तो मीच. हे पत्र लिहायला बसल्यापासून तीनदा उठलो. एकदा पाणी प्यालो, एकदा गोठ्यात जाऊन आलो, आणि तिसऱ्यांदा कशाला उठलो ते उंबऱ्यापाशी जाऊन विसरलो, म्हणून परत येऊन बसलो.

कारण असं, की आमची घरची शाळा बंद झाली. तसा सरकारी कागदच आला आहे. धोंडीराम आणि त्रिंबक उद्यापासून गावच्या मदरशात, सरकारी उर्दू शाळेत, जाऊन बसतील, त्यांचं काही अडत नाही. अडलं ते त्यांच्या बहिणीचं, शिवकन्येचं. तिला दुसरी शाळा नाही. होती ती आमच्या ओसरीवरची एवढीच. ती मोडली की पोरीचं शिकणं मोडलं. मग चूल, आणि दोन वर्षांत डोक्यावर अक्षता. ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे, मामा, आणि त्यानं मला एका जागी बसवत नाही. पण आधी झालं काय ते ओळीनं सांगतो. तुम्ही वकील माणूस, तुम्हाला ओळ लागते.

दोन वर्षांमागं मी दोन्ही पोरांना मदरशातून काढलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही लिहिलं होतं की राधाकिशन, रागाच्या भरात काही करू नकोस. ते पत्र मला पोचलं तेव्हा राग संपला होता, पण करून झालं होतं. तसं मास्तरांशी माझं वैर नव्हतं, उर्दूशीही नव्हतं. बाजारात, कचेरीत आपण ती बोलतोच. पण घरी गायीला गाय म्हणणाऱ्या पोराला एकदम दुसऱ्या जबानीत गणित घातलं, तर ते खांबासारखं उभं राहणारच. मास्तर म्हणाले, धोंडीराम मंद आहे. मी म्हणालो, मंद असेल तर आमच्या घरी असेल. (यात माझा मुद्दा काय होता, तो मला आजही नीटसा सापडलेला नाही, पण आवाज मोठा लागला होता.) दुसऱ्या दिवशी ओसरी सारवून घेतली, धूळपाट्या मांडल्या, आणि स्वतः फेटा बांधून पंतोजी झालो. घरातून विचारणा झाली, शिकवायला येतं का तुमाला? मी म्हणालो, मला शिकवलं ते सगळं माझ्याजवळ आहे, जाईल कुठं?

शिवकन्या त्या शाळेत बसायची नव्हतीच. तिला मी पाटीवर धूळ पसरायला आणि पोरं झोपली तर उठवायला ठेवली होती. सहा महिन्यांनी पाहतो तो पोरांना उठवून उठवून हिचेच पाढे पाठ झालेले. पावकी, निमकी, औटकी घडाघडा. मोडी तर अशी वळणदार, की माझ्या अक्षराशेजारी तिचं ठेवलं तर माझं कोंबडीनं काढल्यासारखं दिसतं. त्रिंबकला दर घटकेला तहान लागायची. आणि धोंडीराम एकदा मान वर करून म्हणाला, "आबा, ह्ये कावून शिकायचं? बैल काय पाढे म्हणून चालतेत का?" मी त्याला अंगठे धरायला लावले. पुढं गल्लीतल्या पाच जणांची पोरं येऊन बसायला लागली. मी नको म्हणालो नाही. मान मिळत होता, मामा. रस्त्यानं जाताना लोक "पंतोजी" म्हणत. पाटलालाही कधी इतक्या गोड आवाजात हाक मारल्याचं ऐकलं नाही.

आता मोजणीकडं येतो. (आधीच यायला हवं होतं, पण मध्ये उठून आलो.) माझ्याजवळचं गणित दीड वर्षात संपत आलं, तेव्हा नगरच्या बाजारातून एक जमीनमोजणीचं पुस्तक आणलं होतं. त्याची पहिली बारा पानं नव्हती आणि शेवटची किती नव्हती ते कळायला मार्ग नव्हता. दुकानदार म्हणाला, मधलंच खरं महत्त्वाचं असतं. मी तेराव्या पानापासून सुरुवात केली. तिथं लिहिलं होतं की विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शेतात न्यावं आणि साखळीनं मापं घ्यावीत. साखळी कुठून आणायची? आमचा गडी सटवा याला सांगितलं, गुरांची दावी जोडून तेहतीस हातांचा दोर कर, हाताहाताला गाठ मार. त्यानं दाव्यांऐवजी अंबाडीचा नवाकोरा दोर वळला, आणि वर सल्ला दिला, "मालक, भिजवून घ्या, लई मजबूत व्हतोय." मी रात्रभर तो हौदात भिजत टाकला.

सकाळी निघालो ते असे: पुढं मी, अंगात काळा कोट, हातात छत्री, मागं सटवा, खांद्यावर दोर, त्याच्यामागं आठ पोरं, प्रत्येकाच्या हातात काठी आणि काठीला तांबडं निशाण. (निशाणं एका जुन्या लुगड्याची होती. ते जुनं नव्हतं, हे मला संध्याकाळी कळलं.) पहिला धडा हरिबाच्या शेतात घ्यायचा ठरवला, कारण त्याची पट्टी सरळ, चौकोनी आहे. आता गावानं काय पाहिलं असेल ते तुम्हीच डोळ्यापुढं आणा. कोट, छत्री, दोर, निशाणं! घटकाभरात तलवाड्यात बातमी: सरकारची मोजणी आली, शेतसारा वाढणार. ज्यांनी बांध कोरले होते ते कुदळी घेऊन परत भरायला धावले, आणि ज्यांनी कोरले नव्हते ते आता उशीर होईल म्हणून कोरायला. मला कुणी तरी दह्याचं मडकं आणून दिलं, कुणी पिंजऱ्यासकट कोंबडी. मी म्हणतोय, अरे, मी राधाकिशन! तर ते म्हणाले, "व्हय साहेब, तुमीच आमचं राधाकिशन." दही पोरांनी खाल्लं. कोंबडी अजून आमच्याकडं आहे, मालक पुढं येत नाही.

हरिबाच्या शेजारची पट्टी सुभद्राबाईची. त्या दोघांचा बांधावरून पंधरा वर्षांचा वाद. ती बांधावर येऊन उभीच राहिली, "माझ्या बांधाला हात लावताल तर याद राखा!" मला वाटलं, विद्येचा उपयोग दाखवायची हीच वेळ. सकाळी हरिबाच्या पट्टीची एक बाजू मोजली होती, दुपारी समोरची मोजली, ती अकरा हात कमी भरली, मांडामांड केली, आणि मोठ्यानं सांगितलं की सुभद्राबाईनं हरिबाची अकरा हात जमीन दाबली आहे. हरिबानं फेटा उडवला. "म्या म्हणत न्हवतो का! अकरा हात!" सुभद्राबाईनं खाली वाकून ढेकूळ उचललं. तेवढ्यात शिवकन्येनं माझा कोट ओढला. "आबा, दोर सकाळी वल्ला व्हता, आता वाळला. वल्ला असताना आखूड व्हता." तिनं सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा दोर आपल्या हातानं मापून पाटीवर आकडे टिपून ठेवले होते. तिच्या हिशेबानं बांध जिथं होता तिथंच बरोबर होता, एक बोटभरही इकडंतिकडं नाही. हरिबा आणि सुभद्राबाई दोघंही इतकी हिरमुसली की विचारू नका. पंधरा वर्षांचं भांडण एका पोरीनं संपवलं. आता त्यांनी बांधावर येऊन करायचं काय?

तिसऱ्या दिवशी गिरदावरसाहेब, जमीनमहसुलाचे अंमलदार, घोड्यावरून आले. सरकारनं न धाडलेली मोजणी तलवाड्यात कोण करतंय, याची चौकशी. माणूस भला, पिकल्या दाढीचा, सावकाश बोलणारा. त्यांनी स्वतःची लोखंडी साखळी टाकून हरिबाचा बांध मोजला, पाटीवरचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "हिसाब सही है. बच्ची को किसने सिखाया?" मी छाती पुढं काढली. मामा, त्या क्षणी मला पाहायला तुम्ही हवे होता. मग साहेबांनी खाली बसून शिवकन्येला विचारलं, की बेटी, शेताची एक बाजू तिरपी असली, तर क्षेत्र कसं काढशील? ती थोडा वेळ पाटीकडं पाहत राहिली, आणि मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आजवर जे अडलं ते आबांना विचारलं आणि आबांनी सांगितलं, अशा भरवशानं पाहिलं. मला येत नव्हतं. ते बहुधा शेवटच्या, नसलेल्या पानांत असावं. मी खोकलो आणि यंदा ऊन फार आहे असं म्हणालो. साहेब समजले, तेही म्हणाले, हो, फार आहे. शिवकन्येनं नजर काढून घेतली. तेव्हापासून ती मला काही विचारत नाही.

साहेबांनी जाताना उर्दूत एक कागद लिहिला, माझी सही घेतली आणि एक प्रत हाती दिली. त्यांचा चेहरा इतका हसरा, शेवटी ते पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेलेले. मी तो शाबासकीचाच कागद समजलो. हळद-कुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवला. पाटलाला दाखवला, हरिबाला दाखवला, पाहुण्यांना दाखवला; कुणालाच वाचता येत नव्हतं, सगळे माना डोलावत होते. चार दिवसांनी मदरशाचे मास्तर रस्त्यात भेटले. (दोन वर्षांत बोललो नव्हतो.) राहवेना, म्हणून त्यांनाही घरी आणून दाखवला. त्यांनी कागदावरचं कुंकू हळूच फुंकलं, वाचलं, आणि मला मराठीत सांगितलं. त्यात लिहिलं होतं की बाहेरची पोरं बसवून, विनापरवाना खानगी, म्हणजे खासगी, मदरसा चालवला जात आहे, तो आजपासून बंद करावा; राधाकिशन यांचे दोन मुलगे सरकारी मदरशात दाखल व्हावेत; आणि हे राधाकिशन यांना कबूल आहे. खाली माझी सही, वेलांटीसकट, झोकदार. मी मास्तरांना विचारलं, मुलीबद्दल काय लिहिलंय? ते म्हणाले, मुलीबद्दल काहीच नाही. मी त्यांना पुन्हा पाहायला लावलं. त्यांनी कागद उलटून पाठसुद्धा पाहिली.

तर मामा, तुम्ही कायदा जाणता. या कागदाला उत्तर कसं द्यावं, परवान्याचा अर्ज कुठं करावा, बाहेरची पाच पोरं कमी केली तर ओसरी चालू ठेवता येईल का, एवढं सवडीनं कळवावं. घाई नाही. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, मामींच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुमचा
राधाकिशन

ता. क. घाई नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडायचं होतं, पण कागद खराब दिसेल.

ता. क. दुसरा. आणि अर्जाचंही राहू द्या. परवाना मिळाला तरी मी शिकवणार काय? खरी गोष्ट वर लिहायची टाळली, ती इथं लिहितो. काल मी ओसरीवर येरझाऱ्या घालत गिरदावरांना, मास्तरांना, पुस्तकवाल्याला बोल लावत होतो, तेव्हा धोंडीरामची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्यापाशी व्हतं ते संपलं न्हवं? मंग जिथं हाय तिथं धाडा की पोरीला." (हीच बाई दोन वर्षं म्हणत होती, पोरीला शिकवून काय तहसीलदार करायची हाय का!) मी पंचवीस कारणं सांगितली. लोक काय म्हणतील, लग्न कसं जमेल, मामा-मामींना त्रास. तिनं भाकरी उलटली आणि एवढंच म्हणाली, "तुमाला करमनार न्हाई, ते सांगा." ते खरं आहे. तुमच्या गल्लीत मुलींची शाळा आहे असं ऐकतो. शिवकन्येला तुमच्या घरी ठेवून घ्याल का? कोणत्याही जबानीत शिकवोत, मला चालेल. कामाला चपळ आहे, खाते थोडं, मामींचे पाय चेपील. विचार करून कळवा.

ता. क. तिसरा. विचार करून कळवा हेही उगाच लिहिलं. हे पत्र तुमच्या हातात देणारी तीच आहे. दारात गाठोडं घेऊन ही कोण उभी, आणि हिचा बाप चार पानं गुडघ्यांवर आणि कोंबडीवर काय लिहितोय, असं तुम्हाला वाचताना वाटलं असेल. पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, हात वळला नाही. गाठोडं तिच्या आईनं बांधलं. सोबत सटवा आणि त्याची बायको आहे; त्यांना बजावून ठेवलंय, पोरीला उंबऱ्याच्या आत सोडा आणि उत्तराला न थांबता गाडी वळवा, म्हणजे तुम्ही नाही म्हणालात तरी तो नकार इकडं आणायला कुणी उरणार नाही. शिदोरी दिली आहे, पण दोन दिवसांच्या वाटेत ती घासभरही खाणार नाही, मी ओळखून आहे. मामा, पत्र खाली ठेवा आणि आधी तिला जेवायला वाढा.