मुंग्यांवर टाकलेली राख

बाबा, तुमचा तो चांद्याचा कागद मी परवा वाचून घेतला. साठ-पासष्ट वर्षं पेटीत होता. "बदलीचा हुकूम होय, जपून ठेव," असं तुम्ही म्हणाला होतात, आणि मी चौथी शिकलेला माणूस, इंग्रजी अक्षरं पाहून जपत आलो. आता त्याच चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. शुगरने माझ्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. तिथल्या सिस्टरला म्हटलं, बाई, एवढं वाचून द्या. तिने वाचलं. "भाऊ, हे तं दवाखान्याचं होय. लघवीत लय साखर आहे, गूळ-भात कमी करा, पोराइची पण लघवी तपासा, असं लिवलं आहे." हाताला दोन सुया लागलेल्या, मला उठताही आलं नाही.

अहेरीचा लाकडाचा डेपो डोळ्यांपुढे येतो. तुम्ही तिथे मुन्शी, मी ओंडक्यांवर हातोड्याने शिक्का मारणारा, नुकतंच लग्न झालेला. तुम्ही ओंडक्यांच्या थप्पीमागे लघवीला जाऊन येता आणि घडीभरात तिथे मुंग्यांची रांग लागते. भामरागडकडचा एक मजूर हसतो, "मुन्शीजी, तुमच्या मांगं मुंग्याइची वरात काऊन लागून राह्यली? लाल असत्या तं आमच्याकडल्यासारखी चटणी केली असती." सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग मला बाजूला घेऊन म्हणालात, "तिथी चुलीतली राख टाकत जाय. तुया मायले सांगू नको." मी रोज राख टाकली. बापाची लाज झाकतो आहे, असं वाटायचं. पुढे तुमचे पाय सुजले, तोंड सुजलं, लघवी बंद पडत गेली. कोणीतरी करणी केली म्हणून आई मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलून आली, आणि तोंडाला चव यावी म्हणून गूळ-भात भरवत राहिली. घरात तो कागद असताना तुम्ही मुकाट्याने खाल्लात! तुम्ही गेल्यावरही ती मरेपर्यंत शेजारणीवर संशय धरून होती, बाबा. आणि मला पुढे तहान-तहान व्हायची, ती मी उन्हाची समजलो. एक शब्द सांगायला तुमचं काय जात होतं?

हे सगळं रागाने लिहायला घेतलं, पण आता हात अडतो. माझा मुलगा हल्ली तांब्यावर तांब्या पाणी पितो. काल सकाळी तो मोरीतून बाहेर आला आणि मला कोपऱ्यात मुंग्या दिसल्या. मी चुलीतली राख आणून टाकली. वळून पाहतो तर तो मागेच उभा.

"राख काऊन टाकून राह्यले बाबा? आन खिशात कायचा कागद होय?"

माझ्यासोबत येऊन ती डायलिसिसची मशीन त्याने दर खेपेला पाहिली आहे. त्याचा चेहरा बघून मी खिशावर हात ठेवला.

"तुया आज्याच्या बदलीचा," मी म्हणालो.

उद्या सांगीन म्हणतो. सध्या कागद पेटीत ठेवला आहे, हे पत्रही त्यावरच ठेवतो. किल्ली माझ्याजवळ आहे.