सुनीच्या बाकावरचा दगड

मासवण, सोमवार संध्याकाळ

आज वर्गात 'धिस' आणि 'दॅट' शिकवत होते. 'धिस'साठी जवळची वस्तू हवी, म्हणून सुनीच्या रिकाम्या बाकावरचा दगड उचलला. सगळा वर्ग ओरडला, "बाई, तो नका उचलू! ती सुनीची जागा हाय!"

नळावर नंबर लावायला दगड ठेवतात, तसा तिने ठेवलेला. दिवाळी होताच ती आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली. नेमकी तेव्हाच मी रजेवर.

दगड होता तिथेच परत ठेवला. उद्या मोठ्या वर्गाला जोडवाक्यातला 'हू' शिकवायचाय. 'जी मुलगी...' अशी उदाहरणं लिहायला बसले, तर प्रत्येक वाक्यात सुनीच येतेय. दगड ठेवताना तिने दाराकडे पाहिलं असेल का, मी येतेय का म्हणून?