अकराच्या गाडीचे पत्र

जळगाव,
ता. २१ जानेवारी १९३९

प्रिय कुंदा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मंगळवारी आले. नाशकाची थंडी बाळाला मानवली हे वाचून बरे वाटले. इकडे सर्व ठीक, असे लिहिण्याची माझी सवय तुला ठाऊक आहे. या वेळी ती मोडतो. आपल्या वसाहतीसमोर अपघात झाला. रुपचंद काटेवाल्याची मुलगी ताई, दिवाळीत तुझ्या बाळाला मांडीवरून खाली ठेवायलाच तयार नव्हती ती, सर्व्हिस मोटारीखाली सापडली. जिवाचा धोका टळला, पण उजवा पाय घोट्यावरून काढावा लागला. सात वर्षांची आहे. शाळेच्या पोरांसाठी रस्त्यावर झेंडा धरणाऱ्या उखर्डूला आमच्या कमिटीने कामावरून काढले, आणि त्याच्यावर हयगयीचा खटला भरायचा की नाही हे फौजदारसाहेब येत्या शुक्रवारी ठरवणार आहेत.

मागच्या पत्रात मी तुला आमच्या रहदारी कमिटीची थोरवी लिहिली होती. आता खरी हकिकत ऐक. अलीकडे आपली घरे, पलीकडे शाळा आणि मधून एरंडोलचा रस्ता. कापसाच्या दिवसांत सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग सकाळी लागते ती दिवसभर हलत नाही. पुढच्या थांब्यावरचे उतारू दुसऱ्याने उचलू नयेत म्हणून सर्व्हिसवाले त्या रांगेच्या बाजूने मोटारी दामटतात. मोटार गाड्यांच्या आडून येते. पोराला दिसते तेव्हा ती अंगावर आलेली असते. एवढे कळायला दोन डोळे पुरे होते. आम्ही कमिटी नेमली.

पितांबरशेट अध्यक्ष, डॉक्टर आणि वकील सभासद, आणि तीस वर्षे शिरस्तेदारी केली म्हणून मी चिटणीस. पहिल्या सभेत इंग्रजी पाटी मंजूर झाली. ड्रायव्हर मंडळींना इंग्रजी येत नाही असे मी म्हटले, तर वकील म्हणाले, नाना, पाटी ड्रायव्हरसाठी नाही हो, कलेक्टरसाहेब या रस्त्याने जातात त्यांच्यासाठी आहे. ती पाटी उभी आहे. एक म्हैस रोज तिला अंग घासते. पाटीचा तेवढाच उपयोग. दुसऱ्या आणि तिसऱ्या सभेत झेंड्याचा रंग निघाला. तांबडा झेंडा म्हणजे गिरणीतले संपवाले, तो आपल्या दारात नको, असे शेटजींचे मत. हिरव्यावर डॉक्टर बिथरले. दोन सभा आणि चहाच्या तीन फेऱ्या झाल्यावर शेटजींनी आपले जुने तांबडे पागोटेच फाडून दिले. पागोट्याचा म्हणून तो तांबडा चालला. मी इतिवृत्तात त्यांचे आभार मानले.

झेंडा धरायला उखर्डू मिळाला. एरंडोलकडचा म्हातारा, निम्मा जन्म गाडीवानकीत गेलेला. मोटार नजरेत येण्याआधी नुसत्या घरघरीवरून ती कोणाची, भरलेली की रिकामी, हे तो सांगे. कमिटीतल्या आम्हा चौघांना मिळून त्या रस्त्याचे जेवढे कळत नव्हते तेवढे त्याला झोपेत कळत होते. शाळा भरताना आणि सुटताना तो खडीच्या ढिगापाशी उभा राही. ‘थांबा रे बठ्ठा!’ सगळ्यांना उद्देशून एवढेच ओरडे, आणि पोरे खांबासारखी थांबत. त्याने झेंडा हलवला की मगच पाऊल उचलायचे, हे त्याने आठ दिवसांत त्यांच्या अंगी मुरवले. आपल्या शाळेला सहा वर्षांत शिस्त लावता आली नव्हती.

पंधरा दिवस हे नीट चालले. मग शेटाणींच्या ध्यानात आले की उखर्डू नुसताच उभा असतो. त्यांना भरिताची वांगी हवी होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा डबा. मग वकिलांचा कोट परटाकडे. येता-जाता कोणीही त्याला हाक मारावी, आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच, दहा मिनिटांचे तर काम. एकदा त्याने मला थांबवून विचारले, ‘नाना, बठ्ठासना निरोप मी लई जास, मंग रस्ता कोन देखी?’ सगळ्यांचे निरोप तोच नेणार तर रस्ता कोण पाहणार, हा प्रश्न खरा होता. मी म्हटले, सभेत काढतो. सभेत काढले. डॉक्टर हसून म्हणाले, झेंडा ढिगात रोवून जात जा म्हणावे, मोटारवाल्याला माणूस थोडाच पाहायचा असतो, झेंडा पाहायचा असतो. शेटजींना हे फार पटले. मीही ते वळणदार अक्षरात लिहून घेतले.

सोमवारी नऊ तारखेला पावणेअकराला झेंडा ढिगात होता आणि उखर्डू नव्हता. शाळेचे मास्तर दारातून पाहत होते, त्यांनी मला सांगितले. बाकीची पोरे वाट फुटेल तशी पळाली. ताई मात्र झेंड्यापाशी थांबून राहिली, म्हातारा येईल म्हणून. घंटा झाली तेव्हा मग धावली. ज्या एका पोरीने आमचा नियम पाळला, तिचा पाय गेला. ड्रायव्हर म्हणतो, झेंडा कोणी हलवला नाही, मी का थांबू? त्याच्यावर खटला होईलच. पण कमिटीला तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते.

त्याच संध्याकाळी सभा भरली. उखर्डूला दाराशी उभे केले. कुठे होतास, असे विचारताच तो म्हणाला, कामाला गेलो होतो. त्या क्षणी तिघांचे चेहरे पाहण्यासारखे होते. शेटजी, डॉक्टर, वकील, तिघेही मनातल्या मनात आठवून पाहत होते, आज सकाळी आपण तर नाही ना पाठवला? आपण नाही, अशी खात्री पटत गेली तसा एकेकाचा आवाज चढत गेला. सर्वांत शेवटी शेटजींची खात्री पटली, म्हणून ते सर्वांत मोठ्याने ओरडले. कोणाच्या कामाला, बोल! उखर्डूने एकदा माझ्याकडे पाहिले. मी टाक दौतीत बुडवला.

अहवाल मी रातोरात लिहिला, चार पाने, एकही खाडाखोड नाही. ‘सदर इसम नेमलेली जागा सोडून तंबाखू खात बसला असल्याचे समजते.’ कोणाला समजते, हे अहवालात लिहावे लागत नाही. सरकारी नोकरीत मी शिकलो ते एवढेच. शेटजी म्हणाले, वा नाना, तुमच्या लेखणीला तोड नाही. आता नवा माणूस नेमायचा नाही असे ठरले आहे. झेंडा खांबाला पक्का बांधला आहे. मोटारवाले जाता जाता त्याला सलाम ठोकतात आणि हसतात. पोरे हवी तशी रस्ता ओलांडतात. या मंडळींना मी या पत्रात काय काय म्हटले ते तू वाचलेसच, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण कमिटीतल्या चौघांत सर्वांत हलका माणूस कोण, हे तुला अजून सांगितलेले नाही.

सभेनंतर उखर्डू जिन्यापाशी माझ्यासाठी थांबला होता. हळूच म्हणाला, ‘नाना, कुंदाअक्काना कागद गाडीले भेटना बरं.’ तुझे पत्र गाडीला मिळाले, एवढे सांगून गेला. त्या सकाळी पेटीतले टपाल निघून गेले होते आणि मला तुझे पत्र अकराच्या गाडीलाच टाकायचे होते, म्हणून मी त्याला गाडीच्या टपालडब्यात ऐनवेळी पत्र टाकायची लेट फी देऊन स्टेशनवर पिटाळले होते. काय होते त्या पत्रात? कमिटीची थोरवी, आता मुलांना रस्त्याची भीती उरली नाही ही फुशारकी, आणि बाळाला संक्रांतीचे हलव्याचे दागिने पाठवू का ही विचारणा. संक्रांतीला पाच दिवस होते. संध्याकाळच्या टपालाने गेले असते तरी चालले असते. शेवटी मी लिहिले होते, ‘घाईत संपवतो, उखर्डू पत्र न्यायला दाराशी उभा आहे.’ माझी पत्रे तू डब्यात ठेवतेस. ते पत्र पाकिटासकट काढ. वर नऊ तारखेचा आणि लेट फीचा शिक्का असेल. रजिस्टर करून ते शुक्रवारच्या आत पोचेल असे थेट इथल्या फौजदारसाहेबांच्या नावाने पाठव, आणि सोबत हेही पत्र. माझ्याकडे पाठवू नकोस. शुक्रवारी मी स्वतः जाऊन सांगेन असे आज वाटते आहे, पण त्या दिवशीही तोंड उघडण्याऐवजी मी टाक बुडवला होता. ते पाकीट माझ्या हाती पडले तर मी ते फाडीन, इतका मी आता मला ओळखतो. हे पत्र टाकायला मात्र कोणाला पाठवत नाही. मी स्वतः चालत स्टेशनवर निघालो आहे.

तुझाच,
नाना