गुहेत ऐकलेलं 'काऊन'

भागवतदादा,

तू घर सोडून गेला तवा मी लहानशी होती, तवापासून आम्ही तुले पाह्यलं नाही. परवा मी कोकणात समुद्रावर फिराले गेली होती. गाइड मले कयाकमध्ये, म्हणजे दोघांच्या लहान नावेत, पुढं बसवून खडकाच्या गुहेत घेऊन गेला. अंधारात लाट आपटली अन् मी किंचाळली.

मागून तो बोलला, "काऊन भेऊन राह्यली? मी आहो ना!"

अस्सल आपल्या सोनाळ्याची बोली, आवाजही तुहाच. मी वळून म्हणलं, "दादा?"

तो म्हणे, "मॅडम, वल्हं सरळ धरा."

उतरताना मात्र त्यानं माहा हात लवकर सोडला नाही.

हे पत्र कोणाच्या नावानं टाकू? तिथं त्याले सारे राजन म्हणतात. अन् मायले काय सांगू, तू सापडला, का तुले सापडाचंच नाही?

तुही लहान बहीण,
पुष्पांजली