तुझी कॅनडातली वर्षं

आई, गेल्या महिन्यात मी तुझ्या युनिव्हर्सिटीत जाऊन आले. तिथल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या भिंतीवर त्यांनी समारंभ करून तुझा फोटो लावला. विमानाच्या पंखांवर बर्फ कसा धरतो, यावरचं तुझं काम तिथे अजून शिकवतात म्हणे. इथून, अमेरिकेतल्या ट्रॉयहून, नदीवरचा पूल ओलांडून मी आणि तुझी नात गाडीने कॅनडात गेलो. वाटेत तिने विचारलं, “मॉम, वॉज शी फेमस?” मी म्हटलं, “आपल्या घरात तरी नव्हती.”

मला तू आठवतेस ती इथल्या स्वयंपाकघरातली. नोकरी लागल्यावर तू मला नागपूरहून नुकतंच आणलं आहेस आणि मला तू अजून थोडी परकीच वाटतेस. फ्रीजरमध्ये तू पत्र्याचे तुकडे गोठवायला ठेवलेत, आणि मी आइस्क्रीमसाठी दार उघडून उभी आहे. “अगं, लाव ते दार, माझा बर्फ बिघडतोय!” तू ओरडतेस. मी तोंड फुगवते. मग तूच मला वाटीभर आइस्क्रीम देतेस आणि पत्र्यावरचा बर्फ नखाने खरवडून दाखवतेस. “बघ, कसा चिकटून बसलाय. याला सोडवायचं कसं, हेच माझं काम.” त्याआधी तू तिकडे कॅनडात शिकत होतीस तेव्हा मी मावशीकडे होते. रविवारी तुझा फोन यायचा आणि तू खळखळून हसत बोलायचीस. फोन ठेवला की मी मावशीला म्हणायचे, “तिला तिथे मजा येते. ती कशाला मला नेईल?”

त्या समारंभात तुझ्या लॅबमधली मैत्रीण भेटली. आता पार म्हातारी झाली आहे. काठी टेकत तिने मला लॅबच्या जिन्यापाशी नेलं आणि तिच्या इंग्रजीत सांगू लागली, “तुला फोन करायच्या आधी ती इथे, या पायरीवर बसून रडायची. मग तोंड धुऊन नंबर फिरवायची. मी एकदा म्हटलं, कळू दे ना मुलीला. तर म्हणाली, ती लहान आहे, तिने माझं ओझं कशाला उचलायचं?”

मी त्या पायरीवर बसले. तुझी नात शेजारी येऊन बसली. वरच्या हॉलमध्ये कुणासाठी तरी टाळ्या वाजत होत्या. मीही रडायचे गं, मावशीच्या गच्चीवर, तुझा फोन झाल्यावर. पुढे इतकी वर्षं एका घरात राहून आपण दोघी यावर कधी बोललो नाही, आणि मग तू गेलीसच.

हे पत्र कुठे जायचं नाही, माहीत आहे मला. पण एक सांगते, हसू नकोस. ऑफिसात नव्याने ओळख झालेलं कुणी आईबद्दल विचारतं, तेव्हा एखाद्या वेळी माझ्या तोंडून निघून जातं, “ती कॅनडात असते.” आणि मी ते दुरुस्त करत नाही.