आपल्या विहिरीचा गाळ

बाबा, काल नंदनवनला, आपल्या जुन्या वस्तीत गेले होते. आपल्या विहिरीवर आता स्लॅब टाकला आहे आणि त्यावर कुणाची तरी गाडी उभी होती. तिथल्या पोरांना विचारलं, तर इथे विहीर होती हेच कुणाला ठाऊक नाही. मला राग आला आणि लगेच लाजही वाटली, कारण रागवायचा हक्क तुमचा होता, माझा नाही.

दुसऱ्यांच्या विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी आजोबांना मिळायचं. म्हणून आपल्या वस्तीनं स्वतःच्या हातांनी ही विहीर खणली. दर उन्हाळ्यात तुम्ही कमरेला दोर बांधून गाळ काढायला उतरायचात, आम्ही वरून घमेली ओढायचो. वर आलात की पहिला पेला सगळ्यांसमोर तुम्हीच प्यायचात, मग बाया भांडी भरायच्या. एकदा मी चप्पल घालून काठावर चढले, तर चारचौघांत ओरडलात, "काढ वं ते चप्पल! हे काय सडक हाये?" आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. हट्टीपणा तुमचाच घेतलाय मी.

पण बाबा, ते पाणी रोज ओढायचं कुणी? आईनं. तिचा उजवा हात शेवटी शेवटी वेणी घालण्याइतकाही वर जाईना. म्हणून बायांनी घरोघरी नळासाठी अर्ज केला, तर महापालिकेवाले म्हणाले, विहिरीचं पाणी तपासून आणा, खराब असेल तरच नळ मिळेल. मी रामदासपेठेतल्या एका प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सकाळची घाई. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली नुसती विसळली, उकळली नाही, आणि पाणी भरून नेलं. पिण्यास अयोग्य, असा अहवाल आला.

तुम्ही तो कागद दोनदा वाचलात. संध्याकाळी हळूच आईला म्हणालात, "मायाच हातून गाळ राह्यला असन. लोकाइले खराब पाणी पाजलं मी." आणि दुसऱ्या दिवशी, गुडघे धरलेले असताना, परत विहिरीत उतरलात. ओळीनं तीन दिवस. पुढे नळ आले, आईचा हात थोडा सुधारला, विहिरीत लोक कचरा टाकू लागले. तुम्ही त्या बाजूनं जाणं सोडलंत. घरी पाहुणा आला तरी त्याला स्वतःच्या हातानं पाणी दिलं नाहीत, मरेपर्यंत. मी सगळं बघत होते.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. बाटलीची शंका मला तेव्हाच आली होती. तुम्ही परत उतरायच्या आधी, त्याच सकाळी, मी उकळलेल्या बाटलीत दुसऱ्यांदा पाणी नेलं. तिसऱ्या दिवशी त्याचा अहवाल आला. पाणी स्वच्छ होतं, बाबा, आधीपासूनच. तो कागद पर्समध्ये घेऊन मी थेट विहिरीवर आले. हे दाखवलं की नळ गेला, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही खाली चिखलात उभे होतात. माझा आवाज ऐकून वर पाहिलंत आणि विचारलंत, "काय वं माय, आता कसं हाये पाणी?"

मी म्हणाले, "खराबच आहे, बाबा. वर या."